श्रूजबरीत आई-बाबांना काय काय दाखवू?

नदीवळण

नमस्कार मंडळी. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही नुकतेच श्रॉपशरमधल्या श्रूजबरीला राहायला आलोय. मेअखेरीस आई-बाबा पुण्याहून येतायत. लंडन, स्कॉटलंड नंतर होईलच, पण पहिले काही दिवस मला त्यांना आमचं हे गावच निवांत दाखवायचंय. आईला जुनी घरं, बागा आणि बाजार आवडतो, पण तिचे गुडघे दुखतात. बाबा रेल्वेतून निवृत्त झालेत आणि इतिहासाचं वाचन दांडगं आहे.

गाव मोठं देखणं आहे. सेव्हर्न नदी त्याला जवळजवळ पूर्ण वळसा घालते. पाणी न ओलांडता आत यायला एकच चिंचोळी पट्टी, आणि तिच्यावर बरोबर किल्ला. रॉजर द मॉन्टगोमेरी या नॉर्मन सरदारानं साधारण १०७० मध्ये तो बांधायला घेतला. आत काळ्या लाकडी चौकटी आणि पांढऱ्या गिलाव्याची, रस्त्यावर झुकलेली घरं. पर्यटन खात्याची यादी माझ्याकडे आहे. मला यादी नकोय, तुम्ही तिथे राहिला असाल किंवा फिरला असाल तर कुठे थांबायचं, कुठे बसायचं आणि काय सोडलं तरी चालेल ते सांगा.

पेठेतला

वा! मी तिथे बरीच वर्षं काढलीत, त्यामुळे राहवत नाही, सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, गाडी घरीच ठेवा. हे गाव बोळांचं आहे. मोठ्या रस्त्यांना जोडणाऱ्या अरुंद वाटांना तिथले लोक ‘शट’ म्हणतात. गलेट पॅसेज, गोल्डन क्रॉस पॅसेज, कंपासेस पॅसेज, सेव्हन्टी स्टेप्स शट अशी एकेकाची नावं. काही ठिकाणी वरचे मजले इतके पुढे आलेत की आकाशाची नुसती पट्टी दिसते. फिश स्ट्रीट, बेअर स्टेप्स आणि बुचर रो हा एवढासा भाग आईंना नक्की दाखवा. बुचर रो ही खाटकांची गल्ली. तिथल्या ॲबट्स हाउसच्या खालच्या मजल्यावर पंधराव्या शतकातल्या दुकानांच्या खिडक्या अजून आहेत. त्यांच्या रुंद फळ्यांवर माल मांडून थेट रस्त्यावर विक्री चालायची. फळी बघितली की तिथे सकाळी काय गर्दी उसळत असेल ते लगेच डोळ्यांपुढे येतं.

मग चौकात या, ‘द स्क्वेअर’मध्ये. मधोमध दगडी ओल्ड मार्केट हॉल आहे, १५९६ चा. खाली उघड्या कमानींत धान्याचा बाजार आणि वरच्या मजल्यावर लोकरी कापडाचा. वेल्समध्ये विणलेलं कापड या गावात यायचं आणि इथले व्यापारी ते पुढे लंडनला धाडायचे. त्या धंद्यावर इथल्या ड्रेपर्स मंडळींची घट्ट पकड होती. हाय स्ट्रीटवरचे आयर्लंड्स मॅन्शन आणि ओवेन्स मॅन्शन हे वाडे त्याच पैशातून उभे राहिलेत. बाजाराच्या आतल्या खांबांना ओळीनं भोकं आहेत, त्यात खुंट्या सरकवून विकलेल्या लोकरीची मोजदाद ठेवायचे असं सांगतात. बोट घालून बघा. आज वरच्या मजल्यावर छोटं चित्रपटगृह आणि कॅफे आहे. चारशे वर्षांची इमारत आणि लोक तिथे संध्याकाळी सिनेमाला जातात, हे मला फार आवडतं.

गुडघ्यांसाठी एक सूचना. वाइल कॉपचा रस्ता खड्या चढाचा आहे. तो वरून खाली उतरा, खालून वर चढू नका. उतरताना हेन्री ट्यूडर हाउस लागेल. १४८५ मध्ये बॉसवर्थच्या लढाईला जाताना हेन्री ट्यूडर, म्हणजे पुढे राजा झालेला सातवा हेन्री, तिथे उतरला होता. उतार संपला की इंग्लिश ब्रिज आणि पलीकडे ॲबी, म्हणजे जुन्या मठाचं चर्च. परत येताना सरळ टॅक्सी करा.

रुळांचा_सोबती

बाबा रेल्वेतले? मग पहिला मान स्टेशनला!

श्रूजबरी स्टेशनचे फलाट चक्क सेव्हर्न नदीवर गेलेत. दक्षिणेकडच्या टोकाला जा, तिथून सेव्हर्न ब्रिज जंक्शनची सिग्नल केबिन दिसते. १९०३ ची, १८० खटक्यांची. हातानं खटके ओढून चालणाऱ्या, आजही कामात असलेल्या केबिनींमध्ये जगात सगळ्यात मोठी. रुळांच्या त्रिकोणात विटांची उंच इमारत आणि वरती काचेची लांबच लांब खोली. आत जाता येत नाही, पण गाडी येण्याआधी सिग्नलचा हात पडतो तो फलाटावरून नीट दिसतो. आपल्याकडे रंगीत दिव्यांचे सिग्नल येण्याआधी ज्यांनी नोकरी केली त्यांना हे बघताना काय वाटतं ते मी माझ्या वडिलांच्या चेहऱ्यावर बघितलंय. अर्धा तास हलले नाहीत.

स्टेशनची दर्शनी इमारतही बघायला सांगा. १८४८ मध्ये बांधताना ती समोरच्या जुन्या शाळेला शोभेल अशी ट्यूडर धाटणीची केली. पुढे जागा अपुरी पडली तेव्हा वर मजला चढवण्याऐवजी इमारतीखालची जमीन खणून तळाला नवा मजला घातला. कुठे सांधा दिसतो का ते बाबांना शोधू दे.

नदीवळण

@रुळांचा_सोबती, बाबांना फोनवर वाचून दाखवलं. “१८०?” असं विचारून गप्पच झाले. मग म्हणाले, आधी तिथेच जायचं.

@पेठेतला, वाइल कॉपचं बरं सांगितलंत. लिहीत राहा.

दालचिनी

पुण्याहून येतायत आणि अजून कुणी श्रूजबरी बिस्किटांचा विषय कसा काढला नाही? पुण्यात कॅम्पातल्या, १९५५ पासूनच्या कयानी बेकरीपुढे रांग लावून जी बिस्किटं घरोघरी जातात, त्यांचं नाव या गावावरून आलंय. आईंना डबा घेऊन यायला सांगा आणि तो कॅसल स्ट्रीटवर न्या. तिथे एका दुकानाच्या भिंतीवर पाटी आहे की पेलिन नावाच्या हलवायानं १७६० मध्ये या जागी श्रूजबरी केक केले. केक म्हणतात, पण असतात बिस्किटंच.

प्रकार पेलिनच्याही आधीचा आहे, सतराव्या शतकातल्या इंग्रजी पाककृतींच्या पुस्तकांत सापडतो. जुन्या कृतींत गुलाबपाणी आणि मसाला असतो, पुढच्या काळात लिंबाची साल आणि बेदाणे आले. आपलं पुण्याचं जाड, पिवळसर, तोंडात विरघळणारं आणि लोण्यानं भरलेलं. तिथलं पातळ, खुसखुशीत आणि लिंबाच्या वासाचं. मी दोन्ही एका ताटलीत ठेवून खाल्ली आहेत. चवीत मला पुण्याचं उजवं वाटतं आणि हे मी श्रूजबरीच्या शेजारणीलाही सांगितलंय. तिनं कयानीचा तुकडा खाल्ला आणि डबा आपल्याकडे ओढला.

बाजार म्हणाल तर आताचा मार्केट हॉल १९६५ चा आहे, विटांचा, उंच घड्याळाच्या मनोऱ्याचा. बाहेरून जुन्या गावात जरा परका वाटेल, त्यावर जाऊ नका. मुख्य बाजार वरच्या मजल्यावर भरतो. चीज, मासे, भाजी, जुनी पुस्तकं, रोपं आणि त्यांच्या मधेमधे खाण्याचे गाळे. ब्रिटनमधला लोकांचा सर्वात आवडता बाजार म्हणून २०१८, २०२३ आणि २०२४ मध्ये निवडला गेला. रविवारी बंद असतो, म्हणून वार बघून जा. शनिवारी सकाळी जरा लवकर गेलात तर बसायला जागा मिळेल.

विजयदुर्गकर

चौकाचा विषय निघालाच आहे तर त्या चौकात जो उभा आहे त्याच्याबद्दल लिहितो. ओल्ड मार्केट हॉलसमोर रॉबर्ट क्लाइव्हचा पुतळा आहे. मारोकेटी या शिल्पकाराचं १८६० चं काम. क्लाइव्ह मूळचा याच जिल्ह्यातला, मार्केट ड्रेटनजवळचा. १७६१ पासून १७७४ ला मरेपर्यंत श्रूजबरीचा खासदार होता, १७६२ मध्ये महापौरही झाला. हिंदुस्थानातून आणलेल्या पैशावर ही सगळी पदं.

लोकांना प्लासी आठवते. मी देवगड तालुक्यातला, मला त्याच्या आधीचं वर्ष आठवतं. फेब्रुवारी १७५६ मध्ये ॲडमिरल वॉटसनची जहाजं आणि क्लाइव्हचं पायदळ विजयदुर्गावर आलं. तुळाजी आंग्र्यांशी नानासाहेब पेशव्यांचं बिनसलं होतं, त्यांनीच इंग्रजांची मदत मागितली होती. तोफांच्या माऱ्यात एका जहाजाला आग लागली आणि बंदरात एकमेकांना खेटून उभं असलेलं आंग्र्यांचं आरमार जळून गेलं. किल्ला पेशव्यांच्या हाती देण्याऐवजी इंग्रजांनी आपलंच निशाण चढवलं आणि आतली लूट आपसांत वाटली. किल्ला परत मिळाला तो पुढे तहात, बाणकोट देऊन. आणि क्लाइव्ह तिथून थेट पुढच्या कामगिऱ्यांवर गेला. पुढच्या वर्षी प्लासी.

लहानपणी आजोबांबरोबर किल्ल्यावर जायचो, तटावर तोफांच्या गोळ्यांच्या खुणा ते बोट ठेवून दाखवायचे. त्यानंतर इतक्या वर्षांनी श्रूजबरीच्या चौकात आलो तेव्हा पुतळ्याच्या पायरीवर बसून शाळकरी पोरं चिप्स खात होती. मी बराच वेळ तिथून निघालो नाही. तुमच्या बाबांना इतिहास आवडतो ना? मग त्यांना तिथे न्याच.

सईबाई

विजयदुर्गकर, तुमच्या भावना समजतात, पण मला पटत नाही. आई-बाबा सुट्टीवर येतायत. पहिल्या दिवशी त्या माणसापुढे कशाला उभं करायचं? २०२० मध्ये तो पुतळा हटवा म्हणून हजारोंनी अर्ज केले होते, तरी श्रॉपशर कौन्सिलनं ठेवला आणि माहितीफलक लावायचं ठरवलं. बंगालच्या १७७० च्या दुष्काळाची पार्श्वभूमी ज्याच्या कारभारानं तयार झाली, त्याला आजही गावाच्या सर्वात चांगल्या जागी उभं ठेवलंय. मी त्या चौकातून जाते तेव्हा पलीकडच्या बाजूनं जाते.

विजयदुर्गकर

सईबाई, तुमच्या रागाला माझं पूर्ण अनुमोदन. पुतळा तिथे असावा असं मीही म्हणत नाहीये. पण आज आहे. आपल्यातलं कुणी तिथे उभं राहून आपल्या मुलाला किंवा वडिलांना विजयदुर्ग सांगितला नाही, तर त्या चौकात ती गोष्ट कोण सांगणार? आणि ती गोष्ट पूर्ण सांगायची, आपलं आरमार बुडवायला बोलावणं आपणच धाडलं होतं यासकट.

पेठेतला

दोघांचंही पटतं. एक भर घालतो. क्लाइव्ह घराण्याच्या हिंदुस्थानातून नेलेल्या वस्तू श्रूजबरीत नाहीत. त्या वेल्सच्या हद्दीत, वेल्शपूलच्या पोविस किल्ल्यात आहेत. रॉबर्टचा मुलगा एडवर्ड १७९८ ते १८०३ मद्रासचा गव्हर्नर होता, १७९९ ला श्रीरंगपट्टण पडलं ते त्याच काळात. टिपूचा छापील सुती तंबू आणि सिंहासनावरचं सोन्याचं व्याघ्रमुख तिथे बघायला मिळतं. श्रूजबरीहून वेल्शपूलला थेट रेल्वे आहे. बाबांची तयारी असेल तर एक दिवस तो. बाग उतरत्या गच्च्यांची आहे, आईंना आवडेल, मात्र पायऱ्या भरपूर आहेत.

आता डार्विन. चार्ल्स डार्विनचा जन्म इथला, १२ फेब्रुवारी १८०९ चा. स्टेशनसमोरच्या ज्या शाळेचा वर उल्लेख आला तिथेच तो शिकला. आज तिथे सार्वजनिक ग्रंथालय आहे आणि दारापुढे त्याचा १८९७ मधला बसलेला पुतळा. फोटो सगळेच काढतात. माझा आग्रह वेगळ्या जागेचा आहे. बेलस्टोन नावाच्या रस्त्यावर मॉरिस हॉलच्या अंगणात एक दगड आहे. करड्या रंगाचा, गुळगुळीत झालेला, बसायला फार तर दोन माणसांना पुरेल एवढा. लहानपणी डार्विनला एका वृद्ध जाणकारानं हा दगड दाखवून सांगितलं की अशा जातीचा खडक कंबरलंड किंवा स्कॉटलंडपेक्षा जवळ कुठेच नाही, आणि तो इथे कसा आला हे जगाच्या अंतापर्यंत कुणाला उलगडणार नाही. पुढे हिमनद्यांनी वाहून आणलेल्या दगडांबद्दल वाचलं तेव्हा आपल्याला केवढा आनंद झाला, हे डार्विननं आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. पर्यटक या अंगणात क्वचितच येतात. मुलं बरोबर असतील तर हात लावू द्या.

मग सेंट मेरीज चर्च. आता तिथे नियमित प्रार्थना होत नाहीत, पण उघडं असतं. पूर्वेच्या खिडकीतली चौदाव्या शतकातली रंगीत काच सकाळी बघा. शिखराचा वरचा भाग १८९४ च्या वादळात कोसळला, तेव्हा गावात डार्विनचं स्मारक करायचं चाललं होतं. तिथल्या पाद्रीबाबांनी हा देवाचा कोप आहे असं जाहीर केलं. स्मारक तरीही झालंच. दाराजवळ रॉबर्ट कॅडमनची पाटी शोधा. १७३९ च्या थंडीत हा कसरतपटू शिखरापासून नदीपलीकडे दोर बांधून त्यावरून घसरत यायचा खेळ करत होता. दोर जास्त ताणला गेला, तुटला आणि तो गेला. पाटीवरच्या कवितेत स्पष्ट म्हटलंय की चूक त्याच्या कसबाची नव्हती, दोराची होती. गावानं त्याची बाजू दगडात कोरून ठेवली.

सेंट चॅड्स हे गोल चर्च क्वॉरी पार्कच्या वर आहे. जुनं सेंट चॅड्स पडणार असं थॉमस टेलफर्ड या अभियंत्यानं १७८८ मध्ये बजावलं होतं. कुणी ऐकलं नाही आणि तीन दिवसांत ते खरंच कोसळलं. नवं १७९२ चं. लॉर्ड हिलचा खांब आणि तुरुंगाची सफर हे तुमच्या यादीत असेल, या खेपेला सोडा.

अनघा_लेले

ॲबीबद्दल मी लिहू? १०८३ मध्ये बेनेडिक्टाइन साधूंचा मठ म्हणून सुरू झाली, १५४० मध्ये आठव्या हेन्रीच्या काळात मठ मोडला गेला. चर्च राहिलं, बाकी बरंच गेलं. समोर रस्ता ओलांडून गेलात की साधूंच्या भोजनगृहातलं दगडी व्यासपीठ एकटंच उभं आहे. जेवताना एक साधू तिथून वाचून दाखवायचा. रस्ता मधून गेला, भोजनगृह गेलं, व्यासपीठ राहिलं. तिथे पाच मिनिटं उभं राहिलं तरी मठ केवढा पसरलेला होता याचा अंदाज येतो.

आवारात कवी विल्फ्रेड ओवेनचं स्मारक आहे. त्याचं घर श्रूजबरीत होतं. ४ नोव्हेंबर १९१८ ला तो फ्रान्समध्ये मारला गेला आणि तार आईच्या हातात पडली ११ नोव्हेंबरला, युद्धविरामाच्या घंटा वाजत असताना. घर शेवटचं सोडताना त्यानं आईला रवींद्रनाथ टागोरांच्या ओळी म्हणून दाखवल्या होत्या. त्याच ओळी नंतर त्याच्या वहीत मिळाल्या. १९२० मध्ये आईनं टागोरांना पत्र लिहून हे कळवलं आणि त्या ओळी कुठल्या पुस्तकातल्या ते विचारलं. तुमच्या आईंना हे नक्की सांगा.

गिरणगाव_सोलापूर

मी बांधकाम क्षेत्रातली, शिवाय गिरण्यांच्या भोंग्यावर वाढलेली. माझ्या मते या गावातली सर्वात महत्त्वाची इमारत गावाच्या मध्यभागी नाहीच, उत्तरेला डिदरिंग्टनला आहे. फ्लॅक्समिल मॉल्टिंग्ज, १७९७ ची. जगातली पहिली लोखंडी सांगाड्याची इमारत. न्यूयॉर्कपासून आपल्या परळच्या टॉवरपर्यंत सगळ्या सांगाड्याच्या इमारती याच कल्पनेवर उभ्या आहेत.

कारण आगीचं. तेव्हाच्या गिरण्यांना लाकडी तुळया, लाकडी जमिनी, हवेत तंतूंची धूळ आणि उजेडाला दिवे. एक ठिणगी पुरायची. चार्ल्स बेज यानं लाकूडच काढून टाकलं. ओतीव लोखंडाचे खांब, त्यावर लोखंडी तुळया आणि तुळयांमध्ये विटांच्या उथळ कमानी. खांब जवळून बघा. ते गोल नाहीत, अधिकच्या चिन्हासारखा छेद आहे आणि मध्यावर किंचित जाड. भार आल्यावर खांब मध्यावर वाकतो हे ओळखून लोखंड तिथेच जास्त दिलंय. संगणक नाही, संहिता नाही, १७९७ साल. मी त्या खांबाला हात लावून उभी राहिले तेव्हा डोळे भरून आले.

आत जवसाच्या तंतूंचं सूत कातलं जायचं आणि कामाला लहान मुलंही होती. ते प्रदर्शनात लपवलेलं नाही. १८९७ पासून १९८७ पर्यंत तिथे बिअरसाठी माल्ट होत असे. मग बरीच वर्षं पडीक आणि २०२२ मध्ये लोकांसाठी उघडली. लिफ्ट आहे, आईंनी काळजी करू नये.

दालचिनी

गिरणगाव, तुमचा प्रतिसाद वाचून मी पुन्हा जाणार.

नदीवळण, पायांना आराम म्हणून वेल्श ब्रिजजवळून सुटणारी ‘सब्रिना’ होडी घ्या. मार्च ते ऑक्टोबर चालते, नदीच्या वळणातून फिरवून आणते. उतरल्यावर क्वॉरी पार्क शेजारीच. मधोमध डिंगल नावाची खोलगट बाग आहे. दूरचित्रवाणीवरून साऱ्या देशाला बागकाम शिकवणारे पर्सी थ्रोअर १९४६ पासून १९७४ पर्यंत या उद्यानाचे प्रमुख होते, आणि आजही ताटवे त्याच शिस्तीनं राखलेले दिसतात.

नदीवळण

किती भरभरून लिहिलंत! सगळं वहीत उतरवून घेतलंय. आता असं ठरवलं आहे.

पहिल्या दिवशी बाबांची सिग्नल केबिन आणि ग्रंथालय, दुपारनंतर होडी आणि डिंगल. दुसऱ्या दिवशी सकाळच्या उन्हात सेंट मेरीज, बुचर रो, बेलस्टोनचा दगड आणि मग चौक. सईबाई, मी आईला आधी विचारेन. ती नको म्हणाली तर आम्ही दोघी कॅफेत बसू. बाबा जाणारच, त्यांनी विजयदुर्गावरची दोन पुस्तकं बॅगेत भरलीत. तिसऱ्या दिवशी वाइल कॉप उतरून ॲबी, येताना टॅक्सी. फ्लॅक्समिलला एक पूर्ण सकाळ. रोमन काळातलं रॉक्सटर आणि आयर्नब्रिज नवऱ्याच्या सुट्टीवर ढकललंय, गाडी लागेल.

जूनच्या पहिल्या शनिवारी आम्ही मार्केट हॉलमध्ये असू. टेलफर्ड, वुल्वरहॅम्प्टन, बर्मिंगहॅमकडे कुणी मराठी मंडळी असतील तर याल का?

गिरणगाव_सोलापूर

बर्मिंगहॅमहून गाडीनं तासाभराचा प्रवास. मी येते, लेकही येईल. किती वाजता?

विजयदुर्गकर

मीही. बाबांना सांगा, पुस्तकं घेऊन या. माझ्याकडे किल्ल्याचा जुना नकाशा आहे, तो आणतो.

नदीवळण

साडेदहा. जिना चढून वर आलात की खाण्याच्या गाळ्यांपाशी. दालचिनी, तुमच्यासाठी कयानीचा एक डबा जास्त सांगितलाय.